सातव्या दालनातली सवत

"पिशवीत काय आहे, आजी?" दारावरच्या मुलीनं विचारलं.

"चपला."

"चपला?"

"जुन्या, मऊ. पायातल्या चावायला लागल्या की बदलते. का? चपला घेऊन चित्रं बघता येत नाहीत?"

मागून आजीची नणंद फिस्सकन हसली. "घाबरू नकोस गं पोरी. मारायला नाही आणलेल्या. म्हणजे अजून तरी तसं काही ठरलं नाहीये."

मुलगी हसली नाही. तिला हसायची परवानगी नसावी. तिनं पिशवी ठेवून घेतली, बिल्ला हातात दिला, आणि कशाला हात लावायचा नाही, रेघेच्या पुढं जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हे पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. आजीनं, म्हणजे इस्त्रीवालीनं, त्यातला एक शब्द ऐकला नाही. आतलं दार उघडल्याबरोबर वास आला होता आणि ती जागच्या जागी थिजली होती.

फरशीला लावायच्या मेणाचा वास. थोडा कडवट, थोडा बंद कपाटासारखा. हाच वास जन्मभर तिच्या नवऱ्याच्या सदऱ्याला यायचा. इतकी वर्षं ती समजत होती की हा माणसाचाच वास आहे. माणूस गेला, त्याचे कपडे वाटून टाकले, उशीचा अभ्रा उकळत्या पाण्यात घातला, तेव्हा कुठं घर त्या वासातून सुटलं. आणि इथं बघावं तर तो आपला फरशीभर पसरून बसलेला. त्याला माणूस मेल्याचं कुणी कळवलंच नव्हतं.

"वहिनी, आत चल की. दारात काय पुतळा होऊन उभी राहिलीस? इथं पुतळे आधीच पुष्कळ आहेत."

"चला वन्सं," ती म्हणाली. "भांडायला आलेय. भांडूनच जाईन."

इस्त्रीवाली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसणारी नव्हे. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिनं चादरींना इस्त्री करण्यात उभा जन्म घालवला. उभा म्हणजे खरोखरच उभा. नवरा या चित्रांच्या संग्रहालयात राखणदार, तोही दिवसभर उभाच. संध्याकाळी दोघं घरी आली की एका टबात गरम पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि त्या टबात चार पाय. त्यांचा संसार खरा झाला तो त्या टबात. बाकी घरभर बोलायचं म्हणजे नळ गळतो, बल्ब गेला, एवढंच. नवरा जात्याच अबोल. त्याची थोरली बहीण, म्हणजे ही नणंद, त्याला लहानपणापासून 'मुका' म्हणायची, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

पण टबात पाय बुडवले की मुका बोलायचा. आणि एकीबद्दलच बोलायचा.

"आज ती दारातून डोकावली."

"कोण?"

"आमच्या दालनातली. चित्रातली."

पहिल्यांदा तिनं लक्षच दिलं नाही. मग ते होतच राहिलं. आज ती उंच वाटली. आज तिनं केस वर बांधले होते, बरी दिसत होती. आज माझ्यावर चिडलीय, बघतच नव्हती.

"चित्रातली बाई केस कशी बांधेल? डोळे तपासून घ्या."

मुका हसायचा. हसायचा तोही चोरून, पाण्याकडे बघत. ते हसू तिला बोचायचं. लग्नाच्या वेळीसुद्धा हा माणूस असा हसला नव्हता. तिनं त्या बाईचं नाव ठेवलं 'सवत', आणि रोज टबात पाय घालताना विचारायला लागली, "काय म्हणते माझी सवत?" नातेवाइकांत तो विनोद झाला. चार माणसं जमली की कुणीतरी विचारायचंच, सातव्या दालनातली थोरली बरी आहे ना? सगळे हसायचे, तीही हसायची. आत मात्र काहीतरी कुरतडत राहायचं.

कारण या दोघांना एक मुलगी झाली होती. ठकी म्हणायचे तिला. काडीसारखे पाय, डाव्या पायातला मोजा कायम घसरून घोट्याशी गोळा झालेला. लाख वेळा वर ओढा, दहा पावलांत खाली. ती नऊ वर्षांची असताना तापानं गेली, आणि गेली ती त्याच रुग्णालयात, जिथल्या चादरींना तिची आई इस्त्री करत होती. तिच्या अंगाखालची चादर धुऊन आईच्याच टेबलावर आली असणार. कुठली ते कसं कळावं? सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांवर एकच शिक्का. मग इस्त्रीवालीच्या लेखी सगळ्याच चादरी ठकीच्या झाल्या. निवृत्त होईपर्यंत तिनं आपल्या पोरीची चादर रोज शेकड्यांनी इस्त्री केली आणि कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

आणि मुका? मुका दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेशाचा सदरा घालून कामाला गेला. डोळ्यातून टिपूस काढलं नाही. पोरीचं नाव त्यानंतर त्याच्या तोंडून कधी आलं नाही. तिनं काढलं तर पाय तसेच ओले घेऊन टबातून उठून जायचा. फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटायची आणि वाळून जायची. शेवटी तिनंही नाव काढायचं सोडलं. सवतीचं बोलणं सुरू झालं ते त्यानंतर.

ते तिनं त्याला कधी माफ केलं नाही. सरळच सांगायचं तर यंदा तो गेला तेव्हा तीही रडली नाही. मुद्दाम. फिटंफाट म्हणून. पण माणूस मेला की भांडण मरतं असं कुणी सांगितलं? दुपारी पाय दुखायला लागले की ती सवयीनं टब काढायची, सवयीनं पलीकडं थोडी जागा सोडून बसायची, आणि समोरचं पाणी स्वच्छ, स्थिर बघून तिच्या डोक्यात तिडीक उठायची. पोटच्या पोरीसाठी ज्याच्या घशातून आवाज निघाला नाही, तो एका रंगवलेल्या बाईच्या केसांबद्दल बोलत होता. असं काय होतं त्या सटवीत? तो जिवंत असताना त्यानं तिला एकदाही इथं येऊ दिलं नव्हतं. "काय आहे तिथं बघायला? उगीच पाय दुखतील," म्हणायचा. आता कोण अडवणार होतं?

आठवड्यातून एक दुपार तिकीट नसायचं. त्या दुपारी ती नणंदेला घेऊन निघाली.

पहिल्या दालनात मेलेले श्रीमंत होते. भिंतभर. गळ्याशी चुण्याचुण्यांच्या कॉलरी, मनगटाला जाळीच्या झालरी. इस्त्रीवालीनं त्या कॉलरी बघितल्या आणि तिची बोटं आपोआप चोळली गेली. ही एकेक चुणी बसवताना कुणाची तरी बोटं भाजली असतील. पण तशा कुणाचं चित्र कुठं नव्हतं. ज्यांनी भाजून घेतलं त्यांची कधी नसतातच. ज्यांनी घातलं त्यांची असतात.

"हा बघ," नणंद कुजबुजली, "अगदी आमच्या घरमालकासारखा. तोच नाक मुरडायचा थाट. हात पुढं केलाय तो भाडं मागायलाच असणार."

"हळू बोला, वन्सं."

"का? जागा होईल की काय?"

पुढच्या दालनात सोनेरी पायांच्या मखमली खुर्च्या होत्या, त्यांच्याभोवती जाड दोरी. दोरीच्या आत खुर्ची, तिच्यावर बसायला बंदी. दोरीच्या बाहेर राखणदार, त्याला बसायला खुर्ची नाही. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता, कुणाला कळू नये अशा बेतानं, आतल्या आत. इस्त्रीवालीला तो भार टाकणं ओळखीचं होतं. मुका रांगेत उभा असला, बाजारात उभा असला, तरी असाच डुलायचा. क्षणभर तिला वाटलं, तोच आहे. पाठमोरा, मान जराशी डावीकडे. राखणदारानं तोंड वळवलं, कुणी भलताच निघाला. पण तिसऱ्या दालनातही तसंच झालं, आणि चौथ्यातही. सगळ्यांचा तोच सदरा, तोच डुलण्याचा ठेका. जणू एकाच माणसाला प्रत्येक खोलीत एकेकदा उभं करून ठेवलं होतं. तिनं नणंदेचा दंड धरला.

"काय झालं?"

"काही नाही. फरशी गुळगुळीत आहे."

सातवं दालन अगदी शेवटी होतं. तिथपर्यंत येता येता माणसं विरळ झाली होती. आत कुणीच नव्हतं. फक्त एक राखणदार, चांगल्या भरघोस पांढऱ्या मिशांचा, दाराशी उभा. त्यानं दोघींकडे बघून मान हलवली आणि नजर दुसरीकडे नेली.

"चल, हुडकू तुझ्या सवतीला," नणंद म्हणाली.

पहिली एक जाडजूड बाई, मांडीवर कुत्रं घेतलेली. नणंदेनं तिला वरून खाली न्याहाळलं. "ही नसणार. हिच्या तोंडाकडं बघून कुणाला बोलावंसं वाटेल? कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलंय."

पुढं तीन बहिणी, तिघी सारख्याच कंटाळलेल्या. मग घागर घेतलेली एक पोरगेलीशी.

"ही असेल बघ."

इस्त्रीवाली त्या घागरवालीपुढे उभी राहिली. केस मोकळे होते. दार नव्हतं कुठं, डोकावायला. ती चिडल्यासारखी दिसत नव्हती, चिडणाऱ्यांतली वाटतही नव्हती. "ही नव्हे," ती म्हणाली. भांडण तोंडात तयार ठेवून ती भिंतीभिंतीनं फिरली. पत्ता घोकून आलेल्या माणसाला घर सापडू नये तसं तिचं झालं. शेवटी ती मिशाळ राखणदारापुढे जाऊन उभी राहिली.

"इथं आधी जे होते ना कामाला, यंदा गेले ते... ते कुठं उभे राहायचे?"

मिशाळानं तिच्याकडे नीट बघितलं. मग त्याचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. "वहिनी तुम्ही? अहो, आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं हो. नाहीतर आम्ही सगळे आलो असतो. या, या अशा."

तो तिला पलीकडच्या भिंतीशी घेऊन गेला. "ही त्यांची जागा. इथली फरशी बघा, कितीही मेण घासा, चमकत नाही. पायांनी खाल्लीय."

तिनं फरशी बघितली. दोन पावलांपुरता फिकट डाग होता. मग मान वर केली. त्या जागेच्या मागे भिंतीवर एक चित्र होतं. एक खोली. एक साधी खुर्ची. मागं अर्धवट उघडं दार आणि त्यातून फरशीवर आलेलं थोडं ऊन. बस, एवढंच.

"ह्यात ती कुठाय?"

"कोण?"

"बाई."

"ह्यात बाई नाही, वहिनी. बाप्या नाही, मांजरसुद्धा नाही. रिकामी खोली आहे. लोक इथं थांबतही नाहीत." मिशाळ हसला. "आणि आम्हाला तरी कुठं बघायला मिळतं? नियम असा की चित्राकडं पाठ करून उभं राहायचं आणि नजर माणसांवर ठेवायची. ते म्हणायचे, मला माझं चित्र समोरच्या चित्राच्या काचेतच दिसतं. समोरचं ते काळं आहे ना, जंगल का काय, त्यात दिव्याखालीसुद्धा काही दिसत नाही. पण काचेत मागचं सगळं दिसतं."

नणंदेच्या तोंडावर हसू आलं होतं, ते अर्ध्यात थांबलं. "म्हणजे मुक्यानं इतकी वर्षं आम्हाला बनवलं?"

"मुका?" मिशाळ चमकला. "कुणाला म्हणता मुका? जेवायच्या सुट्टीत त्यांच्यापुढं आम्हाला तोंड उघडता यायचं नाही. सारखं आपलं मुलीचं कौतुक." तो दोघींच्या मागं दाराकडे बघायला लागला. "ती नाही आली?"

 

"कोण?" इस्त्रीवाली म्हणाली.

"तुमची मुलगी हो! माझ्या धाकटीच्याच वयाची ना ती? दोघी जोडीनं मोठ्या झाल्या म्हणा, एकमेकींना न बघता. सायकल शिकताना हनुवटी फोडून घेतली तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. आणि तो मोजा! शाळेतून रोज तक्रार, एक मोजा खाली. हसून हसून सांगायचे. पुढं केस वर बांधायला लागली तर म्हणाले, आता मोठी झाली, आता माझ्याकडं बघत नाही. दूर नोकरीला असते ना? लग्नाला बोलावलं नाही म्हणून आम्ही रुसलोच होतो. तर म्हणाले, केलंच नाही तिनं, तिची मर्जी." मिशाळानं मिशीवरून हात फिरवला. "शेवटी शेवटी एकदा म्हणाले, आज तिच्या डोक्यात पांढरा केस दिसला. मी म्हातारा झालो ते मला आरशानं नाही सांगितलं, त्या केसानं सांगितलं."

नणंद पांढरीफटक पडली होती. "अहो, काय बोलताय तुम्ही? ती तर—"

इस्त्रीवालीनं तिचं मनगट धरलं. लोखंडी इस्त्री धरून धरून झालेली पकड होती ती. नणंदेचा शब्द तिथंच मोडला.

चोर, हे तिच्या मनात आधी आलं. चोर, नुसता चोर. मला त्यानं मेलेली दिली आणि जिवंत स्वतःकडं ठेवून घेतली. माझ्या वाट्याला पांढऱ्या चादरी, आणि याच्या वाट्याला सायकल, फुटलेली हनुवटी, वर बांधलेले केस. एकट्यानं वाढवली. आईला न विचारता. त्यानं मला एक दिवस तरी आणायचं होतं इथं, याच फरशीवर उभं करायचं होतं, म्हणायचं होतं, ही बघ. हा माणूस आता समोर असता तर तिनं त्या चपला खरंच वापरल्या असत्या.

आणि मग तिला टब आठवला. आज ती दारातून डोकावली. आज उंच वाटली. आज चिडलीय. रोज तर सांगत होता. पोरीला नावानं हाक मारायची त्याची छाती नव्हती, म्हणून निनावी, चिमूटभर, जेवढी त्याला उचलून आणता येत होती तेवढी तो रोज घरी घेऊन येत होता, आणि तिच्या पायाशी, त्या पाण्यात ठेवत होता. आणि ती काय विचारायची? काय म्हणते माझी सवत. तरी तो हसायचा. पाण्याकडं बघत.

मिशाळ वाट बघत होता. साधा, भला माणूस. त्याच्या मते एक बाप मेला होता आणि मागं एक मुलगी राहिली होती. त्याला खरं सांगायला चारच शब्द पुरले असते. आणि इस्त्रीवाली आयुष्यात कुणाशी खोटं बोलली नव्हती. खरं बोलून बोलून तिनं अर्धे नातेवाईक तोडले होते.

"बरी आहे," ती म्हणाली.

नणंदेनं मान खाली घातली.

"येईल कधीतरी," ती पुढं म्हणाली. आवाज जरा चिरकला, पण तो घोगराच होता मुळातला. "आणि मोजा... मोजा अजून खालीच असतो."

"अजून?" मिशाळ खो खो हसला आणि मग आपणच मोठ्यानं बोललो म्हणून दचकून दाराकडं बघायला लागला. "सांगा तिला, तुझ्या बाबांचे दोस्त विचारत होते म्हणून."

"सांगते."

तो दाराशी आपल्या जागी निघून गेला. नणंद एकाएकी वाकली आणि कोपऱ्यातल्या खांबाला टेकून पदरानं तोंड दाबून उभी राहिली. तिला उभं राहू द्यावं असं इस्त्रीवालीला वाटलं. ती स्वतः त्या चित्रासमोर गेली. अगदी रेघेपर्यंत. तिनं खोलीचा कानाकोपरा बघितला. खुर्चीखाली बघितलं. दाराच्या फटीत, जिथं ऊन संपतं आणि काळोख होतो, तिथं किती वेळ डोळे रुतवून बघितलं. कुणी नव्हतं. रंगाला भेगा गेल्या होत्या. ज्यानं बघायला शिकून घेतलं होतं, त्यालाच दिसणार. तिनं शिकून घेतलं नव्हतं. ती भांडत बसली होती.

मग ती वळली आणि त्या फिकट डागावर जाऊन उभी राहिली. चित्राकडे पाठ करून, नियमाप्रमाणे. तिचे पाय त्याच्या पावलांपेक्षा लहान होते, डाग सगळीकडून थोडा थोडा उरला. पाय ठणकत होते. तिनं भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला, कुणाला कळू नये असा, आतल्या आत.

समोर ते काळं जंगल होतं. त्यात खरंच काही दिसत नव्हतं. पण काचेत हळूहळू खोली आली. ती खुर्ची आली, फरशीवरचं ऊन आलं, अर्धं उघडं दार आलं. आणि खोलीच्या मध्ये एक म्हातारी, पांढऱ्या डोक्याची, हात पोटाशी धरून उभी. मानेवर मागून बारीक वारा लागल्यासारखं झालं. दार उघडं असलं की लागतो तसा.

दुसरं कुणी असतं तर गर्रकन वळून बघितलं असतं. मुक्यानं इतक्या वर्षांत वळून बघितलं नसणार, हे तिला त्या क्षणी कळलं. वळलं की रिकामी खोली असते.

ती वळली नाही.

"वहिनी," नणंद खांबापाशी ओल्या आवाजात म्हणाली, "निघायचं का गं? बंद करतील."

"आले वन्सं. जरा थांबा."

तिनं काचेत पुन्हा बघितलं. ती स्वतःच नेमकी दाराच्या समोर उभी होती, दार अडवून. तिनं भार डाव्या पायावर घेतला आणि अर्धं पाऊल बाजूला सरकली.